वाफेपुरतं ऊन

गावपळणीला एकट्या माणसाने काय काय न्यायचं हे आमच्या आचऱ्यात कुणी सांगत नाही, कारण एकटं कुणी जातच नाही. तीन-चार वर्षांतून एकदा देवाचा कौल होतो, दिवस ठरतो आणि अख्खं गाव घरांना कुलपं घालून तीन दिवस, तीन रात्री शिवेबाहेर राहायला जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. मागे कुणी थांबायचं नाही, काही विसरलं म्हणून मध्येच परतायचं नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा. देवाने होकार दिला तर घरी, नाहीतर मुक्काम वाढला. हे का करतात याची दहा माणसं दहा कारणं सांगतील. आई म्हणायची, गावालाही कधीतरी एकटं राहावंसं वाटत असेल.

मला तसं कधी वाटलं नाही, पण एकटं राहणं जमलं मात्र मलाच.

यंदा मी बाजारातून एका माणसापुरता निळा तंबू आणला. माडाच्या झापांची खोप बांधायची म्हणजे निदान दोन माणसं लागतात. एकाने वासा धरायचा, दुसऱ्याने सुंभ आवळायचं. तंबू एकटीला उभा करता येतो. आमच्या शेजारच्या काकी, ज्यांची खोप नेहमी आमच्या खोपीला लागून असते, त्यांनी कमरेवर हात ठेवून तंबूकडे बघितलं आणि ही मच्छरदाणी कधी घेतलीस म्हणून विचारलं. सगळे हसले. मीही हसले. मग ते सगळे आपापल्या खोपीत चुली मांडायला गेले आणि मी मच्छरदाणीत जाऊन बसले.

सामान थोडंच होतं. पाणी, पोहे, चादर, आणि आईच्या जुन्या लुगड्यात बांधलेलं एक जड गाठोडं. निघायच्या घाईत ताडपत्री शोधताना ते भाताच्या कणगीमागे सापडलं होतं. आत काय आहे ते हाताला लागताच कळलं. ते तिथे कसं आलं ते मात्र कळलं नाही, कारण मी स्वतः ते माळ्यावर फेकलं होतं. देवळात नौबत वाजायला लागली होती, सोडून बघायला वेळ नव्हता. ठेवून जावं म्हटलं तर लुगड्यावरचा हात निघेना. म्हणून घेतलं.

गाठोड्यात सोलर होतं. घडीचं, चार पानांचं, प्रवासात न्यायचं असतं तसं. त्याची कथा सांगायची तर माझा स्वभाव आधी सांगावा लागेल.

मी कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात माल तपासते. वायरींचे जोड, स्विच, असलं बारीकसारीक. आठवडाभर कुडाळला भाड्याच्या खोलीत राहते आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीने आचऱ्याला येते. कामावर माझ्यासमोर मीटर असतो आणि दोन शिक्के, एक हिरवा, एक लाल. बावीस वर्षांत मीटर न लावता मी कशावरही लाल शिक्का मारलेला नाही. वस्तू कितीही मळलेली, वाकलेली असो, आधी तपासायची. नवीन पोरी कंटाळतात, मला खडूस म्हणतात. म्हणू देत. हे मी कौतुकाने सांगत नाही, पुढे त्याचं काम आहे.

सोलर आणलं सात वर्षांपूर्वीच्या गावपळणीसाठी. आईला दमा होता. दिवसातून चार वेळा तिला वाफेचं मशीन लागायचं. औषधाची कुपी वाटीत फोडायची, मास्क नाकातोंडावर धरायचा आणि दहा मिनिटं ती घरघर ऐकत बसायचं. मशीन विजेवर चालतं आणि शिवेवरच्या माळावर वीज कुठली. डॉक्टर म्हणाले, तीन दिवस पाहुण्यांकडे ठेवा. आजारी माणसांना असं ठेवतातही, त्याला कुणी नाव ठेवत नाही. पण आई ऐकेना. लग्न होऊन आल्यापासून तिची एकही गावपळण चुकली नव्हती. माझ्या वेळी आठवा महिना असतानाही ती खोपीत राहिली होती, आणि हे ती मला माझ्यावर उपकार केल्यासारखं ऐकवायची. कुणीतरी भाड्याने जनरेटर आणायला सुचवलं. दम्याच्या माणसाशेजारी धुराचं यंत्र लावायचं, म्हणजे रोग परवडला पण औषध नको.

म्हणून हे सोलर मागवलं, आणि त्याच्याबरोबर वीज साठवायचा एक डबा. खोक्यावर लिहिलं होतं की ते डोंगरात चालेल, वाळूत चालेल, पावसाचे शिंतोडे सोसेल, हजार वेळा उघडलं-मिटलं तरी दुमडीत चिरणार नाही. खोक्यांवर काय काय लिहितात ते मला ठाऊक आहे. मी चारही पानांना मीटर लावला, मगच आईला दाखवलं.

ती गावपळण आमची चांगली गेली. सकाळी सोलर खोपीच्या पुढ्यात पसरायचं, उन्हाबरोबर फिरवायचं, दुपारपर्यंत डबा भरायचा. आईच्या चारही वाफा वेळेवर झाल्या. उरलेल्या विजेवर शेजारपाजारचे मोबाईल. दिवसभर आमच्या खोपीपुढे वर्दळ, आणि आई मध्ये बसून कुणाचा फोन कुठल्या वायरीला ते ठरवायची. फुगड्या घालायला तिच्यात दम नव्हता, पण गाणी सांगायला होता. मी तिला इतकं आनंदात क्वचितच बघितलं असेल. हे तिला तेव्हा सांगितलं नाही.

घरी आल्यावर मी तिला नेमून दिलं की दर बुधवारी सोलर खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पसरायचं आणि डबा भरायचा. असा डबा नुसता ठेवून दिला तर मरतो. सोमवारी तिचा उपास, रविवारी मी घरी, म्हणून बुधवार. खाऱ्या वाऱ्याला उघडं टाकायचं नाही, संध्याकाळी पुसून मिटायचं, पिनांना पाणी लागू द्यायचं नाही. माझ्या या सूचना तिने मान हलवत ऐकल्या. मी बोलत होते नवीन पोरींना बोलते तशा आवाजात.

मग मे महिना आला. एका शनिवारी मी गाडीतून उतरून खळ्यात पाऊल ठेवलं आणि जागीच थांबले. सोलर पसरलेलं होतं आणि त्याच्यावर ओळीने रतांब्याची सालं वाळत होती. आमसुलं करताना ती सालं पुन्हा पुन्हा आगळात, म्हणजे रतांब्याच्याच खारवलेल्या रसात, बुडवून उन्हात घालतात. एरवी आठवडा जातो. आईने बघितलं होतं की या काळ्या पत्र्यावर हात ठेवला तर भाजतो. एवढं ऊन आयतं सापडलं आहे, ते वाया का घालवायचं? तिने सुपं बाजूला ठेवून सोलर घेतलं. खोक्यावर डोंगर, वाळू, पाऊस सगळं लिहिलं होतं, आमसुलांबद्दल कुणी काही लिहिलं नव्हतं.

ती खुशीत होती. एक साल उचलून मला दाखवत म्हणाली, "दोन दिसांत वाळली गो, बघ." माझ्या कारखान्यातल्या पोरींना द्यायला म्हणून ती आमसुलं होती, हेही तिने सांगितलं.

मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच. शेवटच्या पानावर लाल डाग पडून वरचा थर पांढरा फुगला होता, शिवणीत मीठ भरलं होतं, वायरीच्या पितळी पिना हिरव्या पडल्या होत्या. मी वाटोळं झालं म्हटलं, तुझ्या हाती काही देण्यात अर्थ नाही म्हटलं. आता पुढच्या गावपळणीला श्वास कुठून घेशील, हेही म्हटलं. ते म्हणताना तिच्या तोंडाकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी सोलर मिटलं, डब्यासकट माळ्यावर फेकलं आणि पुन्हा हात लावायचा नाही म्हणून बजावलं. मीटर माझ्या पर्समध्ये होता. नेहमीच असतो. तो मी काढला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आमसुलं मी कारखान्यात नेली. पोरींनी फार नावाजली.

पुढची गावपळण आली तेव्हा आईच्या वाफा चाराच्या सहा झाल्या होत्या. मी तिला सांगितलं की यंदा तू माझ्याबरोबर कुडाळला येणार. तीन दिवस खोलीवर राहायचं, तिथे वीज आहे, डॉक्टर जवळ आहे. ती वाद घालायची, तशी त्या दिवशी घातली नाही. नुसतं म्हणाली, "तां चलता गो." मी विचारलं, काय चालतं? तिने माळ्याकडे मान केली. मी म्हटलं, "तुका काय कळता त्यातला?" आणि तिच्या कपड्यांची पिशवी भरायला लागले.

खरं सांगायचं तर सोलर बिघडलं ही सबबही होती. त्या महिन्यात कामावर घाई होती आणि मला तीन दिवस रजा टाकायची नव्हती. तेव्हा हे मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

ती तीन दिवस दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत बसून होती. मी सकाळी जायची, संध्याकाळी यायची. जेवण झाकून ठेवायची, ते अर्धं तसंच असायचं. खिडकीतून समोरच्या इमारतीची टाकी दिसते, दुसरं काही नाही. दुसऱ्या संध्याकाळी मी आले तेव्हा ती खाटेवर पाय सोडून दाराकडे तोंड करून बसली होती. दिवा लावला नव्हता. काय केलंस दिवसभर म्हणून विचारलं. मग म्हणाली, "गावातली कुत्रीय शिवेर गेली. माका एकटीक तू हय हाडलंस."

मी चहा ठेवायला उठले. एकटीला इथे आणलं होतं ते मीच, आणि मी आधणात साखर मोजत राहिले.

गेल्या वर्षी श्रावणात ती गेली. त्या दिवशी बुधवार होता आणि मी कुडाळला होते.

यंदाच्या मुक्कामाचा पहिला दिवस तंबू लावण्यात गेला. गाठोडं उशाला घेऊन झोपले. माळावर सगळीकडे माणसंच माणसं होती, भजनं चालली होती, पोरं कुर्ल्या पकडायला खाडीकडे पळत होती. काकींनी दोन वेळा जेवायला बोलावलं. गेले, जेवले, ताट धुवून दिलं, परत आले. तिथे सगळ्यांना माझ्याशी काय बोलायचं ते ठाऊक होतं, आई चांगली होती हो. त्याच्यापुढे त्यांना बोलता येत नव्हतं आणि मला तर नाहीच. पूर्वी आमच्या खोपीपुढे आई बसायची त्या जागी यंदा कुणीतरी म्हैस बांधली होती. मी तिकडे फारसं बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन बंद पडला. फोन कुणाला करायचा होता असंही नाही. पण हात रिकामे होते म्हणून मी गाठोडं सोडलं.

लुगडं उलगडताच खोबरेल तेलाचा वास आला. मला वाटलं लुगड्यालाच असेल, ती डोक्याला लावायची ते. मग सोलरच्या कप्प्याची चेन ओढली आणि ती सरकन उघडली. आमच्या किनाऱ्यावर चेन दोन पावसाळ्यांत गंजून धरते. छत्रीची धरते, पर्सची धरते. माझ्या कुडाळच्या खोलीतल्या बॅगेचीसुद्धा धरली आहे. ही सात वर्षांची चेन नव्यासारखी चालली. आत वायरीच्या टोकाला तेलात भिजवलेली चिंधी गुंडाळलेली होती. चिंधी सोडली. पिना पिवळ्या, लख्ख. पावसाळ्याआधी आई कोयता नि विळी अशीच चिंचेने घासून, तेल लावून, चिंधीत बांधून ठेवायची. शिवणीत मिठाचा कण नव्हता. डाग होता तिथेच होता, शेवटच्या पानावर, आता तपकिरी झालेला.

डब्याची कळ दाबली. पडद्यावर एक काडी दिसली. म्हणजे तो मेलेला नव्हता. सहा वर्षं माळ्यावर टाकलेला डबा जिवंत राहत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी काही समजून घेतलं नाही. पर्समधून मीटर काढला आणि उन्हात बसून एकेका पानाला लावला. पहिलं चांगलं. दुसरं चांगलं. तिसरं चांगलं. चौथं मेलेलं. डब्याला जोडल्यावर पडद्यावर वॅटचा आकडा चढत गेला आणि बावन्नवर थांबला. नवीन होतं तेव्हा ऐंशीच्या आसपास जायचा.

काकी भाकरी नि सुक्या बांगड्याचं तिखलं घेऊन आल्या होत्या. ताट माझ्यापुढे ठेवताना त्यांना सोलर दिसलं. त्यांना जराही नवल वाटलं नाही. खाली टेकत म्हणाल्या, "गो, तुझी आवस दर बुधवारी ह्यां खळ्यात पसरी. लाईट गेली की ह्येच्यावरच वाफ घेय. मीच काढून दिलंय तिका माळ्यावरसून."

मी विचारलं, कधी? त्या म्हणाल्या, तेव्हाच, तू माळ्यावर टाकून कुडाळला गेलीस त्याच सोमवारी. आईने ते अंगणात घेऊन पुसलं, दोन दिवस वाळवलं आणि बुधवारी लावून बघितलं. मला सांगू नका म्हणाली होती, कारण मी हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं. शनिवारी मी यायच्या आधी ते कणगीमागे जायचं. काकींना ही गंमत वाटत आली होती इतकी वर्षं. त्या हसत सांगत होत्या. माझं तोंड बघून थांबल्या, भाकरी निवते म्हणाल्या आणि उठून गेल्या.

मला हिशेब करायची खोड आहे. बावन्नच्या आकड्याने अर्ध्या तासाच्या उन्हात एक वाफ निघते. मार्गशीर्षातलं ऊन, सकाळ-संध्याकाळचा मंद भाग सोडला तरी दिवसाला दहा वाफा. तिला सहा लागत होत्या. फोनही चार्ज झाले असते. ती खोपीपुढे बसली असती आणि कुणाची वायर कुठली ते सांगितलं असतं, तीन दिवस. ती शेवटची गावपळण होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण सोलर चालतं हे तिला माहीत होतं आणि तिने सांगितलंही होतं. मी तपासलं नाही. बावीस वर्षांत एकदाच मीटर न लावता लाल शिक्का मारला, तो आईच्या शब्दावर.

मी रडले. दिवसाढवळ्या, तंबूच्या दारात, भाकरीचं ताट मांडीवर घेऊन. कुणी आलं नाही, आणि कुणी येऊ नये असंच मला वाटत होतं.

संध्याकाळपर्यंत डबा पूर्ण भरला. माझा फोन एवढासा. तो भरल्यावर डबा जवळजवळ भरलेलाच राहिला आणि त्याला लावायला माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. हल्ली प्रत्येकाकडे आपापली छोटी बॅटरी असते, चार्जिंगला कुणी येत नाही. तिसऱ्या दिवशीही मी सोलर पसरलं, उन्हाबरोबर फिरवलं. डबा भरलेला होता, तरी फिरवलं.

चौथ्या दिवशी सकाळी देवाने कौल दिला. माळावर एकच गडबड उडाली, गुरं सुटली, खोपी मोडल्या. मी तंबू मिटायच्या आधी काकींकडून वाटीत थोडं खोबरेल आणलं. चेनला लावलं, पिनांना लावलं, चिंधी पुन्हा तशीच गुंडाळली. लुगड्याची गाठ तिच्यासारखी जमली नाही, दोनदा सुटली.

घराचं कुलूप काढलं तेव्हा दुपार झाली होती. खळ्यात पानं पडली होती. मी झाडू घेतला नाही. कपाटातून वाफेचं मशीन काढलं, डबा ओटीवर ठेवला, वायर जोडली आणि कळ दाबली. मशीन घरघरायला लागलं. वाटीत औषध नव्हतं, मास्कमधून नुसती हवा येत होती. मी ते दहा मिनिटं चालू ठेवलं, तिला लागायचं तेवढं. मग घरात कुणी नसताना मोठ्याने म्हटलं, "आये, चलता गो तां."